काचघरवाल्या काकू आणि डोंगरावरची सून

काकूंना कुणी विचारलं, की जंगल कुठे संपतं आणि वाळवंट कुठे सुरू होतं, तर त्या सांगायच्या, "मधल्या दाराशी. आणि दार लावून घ्या आधी, हवा जाते!"

खोटं नाही हो. शहराच्या मोठ्या बागेत काचेची एक लांबलचक इमारत होती आणि तिच्यात देशोदेशीच्या हवा खोल्याखोल्यांत कोंडून ठेवल्या होत्या. पहिल्या खोलीत बारमाही पावसाचं जंगल, तिथे शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची. पुढे कमळांचं कोमट तळं, मग कोरडंठाक वाळवंट, आणि शेवटी उंच डोंगरावरची थंड खोली. तिच्यामागे यंत्र दिवसरात्र घरघरायचं. नवरा गेल्यावर काकू इथे कामाला लागल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. सगळं शहर त्यांना काचघरवाल्या काकू म्हणायचं.

शाळेच्या सहली आल्या की काकूंचा पट्टा सुरू. "झाडाचा स्वभाव म्हणजे दुसरं काय रे? तिथली हवा! जिथे रोज पाऊस, तिथे पानं ही ताटाएवढी, आणि पाणी निथळावं म्हणून टोकाला चोच. जिथे वर्षवर्ष थेंब नाही, तिथे पानांची चैन परवडते कुणाला? काटे केले आणि अंगातच पाणी साठवलं. डोंगरावर वारा असा, की मान वर केली की मोडलीच. म्हणून ही मंडळी बघा कशी जमिनीला बिलगून बसलीत." मग थंड खोलीतल्या वाहत्या पाण्याच्या टाकीपाशी यायचं. तिच्यात बोटभर लांबीचे चपळ मासे. "गार पाण्यात हवा जास्त मावते. या पोरांना कमळाच्या तळ्यात सोडलंत ना, तर आ वासून मरतील बिचारी."

एवढं सगळं कळत होतं बाईला. पण कळतं ते घरी वळेल तर शपथ!

घरी त्यांचा एकुलता एक मुलगा. फ्रिज, एसी, बर्फाची यंत्रं दुरुस्त करणारा, हाताचा मोठा गुणी. वर डोंगरात सफरचंदांचं शीतगृह बांधत होते, तिथलं यंत्र बसवायला म्हणून गेला आणि येताना लग्न ठरवूनच आला. मुलगी तिथल्याच बागायतदाराची. शीतगृहाचे मालक त्याला सोडायला तयार नव्हते. राहा, घर देतो, यंत्र तूच सांभाळ, म्हणत होते. काकूंनी एक घाव दोन तुकडे केले. "सून आण, आनंद आहे. पण राहायचं माझ्या डोळ्यांसमोर."

तर सून आली. समुद्रकाठचं हे शहर, हवा अशी की दोरीवरचा टॉवेल दुपारपर्यंत ओला. पहिल्या उन्हाळ्यात पोरीच्या अंगभर घामोळं उठलं. झोप उडाली. खाल्लेलं अंगाला लागेना, जिना चढला की धाप. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, हवापाणी मानवलेलं नाही. काकूंनी कंबर कसली. रोज तेल, रोज कढत पाण्याची आंघोळ, खारं वारं बाधेल म्हणून खिडक्या बंद. पाणी आणि ऊब दिली की कुठलंही झाड जगतं असं समजणाऱ्या नवख्या माळ्यांची काकू बागेत सालं काढायच्या. आणि घरी स्वतः तेच! मायेनं हो, निव्वळ मायेनं. तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. पोरगीही गुणाची, एका शब्दानं कुरकुरली नाही. दिसामाशी वाळत मात्र चालली.

एकदा काकू डबा घरीच विसरल्या. तो घेऊन सून बागेत आली आणि डबा देऊन थंड खोलीत गेली, ती बराच वेळ बाहेरच येईना. काकू बघायला गेल्या, तर बाई पाण्याच्या टाकीला टेकून दगडावर गाढ झोपलेली. गालांवर लाली आलेली. काकू किती वेळ नुसत्या बघत राहिल्या. लग्नाच्या दिवशी दिसला होता तो चेहरा, त्यानंतर आज दिसत होता.

मग रोजचा नेमच झाला. सून काकूंबरोबर यायची, थंड खोलीत पानं पुसायची, माशांना खाऊ घालायची. बागेचा मुकादम थट्टेखोर. म्हणाला, "काय काकू, ही नवी जात कुठली लावलीत?"

"डोंगरी आहे," काकू म्हणाल्या. "लांबून बघायचं."

सून खुदकन हसली. काकूंना वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पोरीचा चेहरा पुन्हा उतरायचा, ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण तिकडे त्या कानाडोळा करायच्या. करतील नाहीतर काय! एकच मुलगा.

अन् पुढच्या वर्षी भर उन्हाळ्यात एका सकाळी थंड खोलीचं यंत्र बंद पडलं.

मुलाला फोन गेला. तो येईपर्यंत सासू-सुनांनी काय धावपळ केली! काचांवर ओली पोती टाकली, मिळेल तिथून बर्फ आणला. तरी जमिनीलगतची गादीसारखी झाडं मरगळायला लागली आणि मासे वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढून आ करायला लागले. सून टाकीत कोपरापर्यंत हात घालून बर्फ फिरवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"थोडं थांबा रे," ती माशांना म्हणत होती, "येतोय तो, येतोय."

मुलगा आला, भाग बदलला, यंत्र घरघरलं. मासे एकेक करून खाली गेले. मुलगा हात पुसत खुशीत म्हणाला, "आई, मी ठरवलंय. आपल्या आतल्या खोलीत हिच्यासाठी अस्साच गारवा करतो. एसी माझा मीच बसवीन, फटी बुजवीन. दार लावून आत बसली की हिला काही त्रास नाही."

सून त्याच्याकडे बघून म्हणाली, "हो. चालेल."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून टाकीपाशीच उभी होती, हात गारठून लाल झालेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, की नवऱ्याचं मन मोडू नये. या खोलीतलं एकही झाड स्वतःच्या पायानं इथे आलेलं नव्हतं, आणि दाराबाहेर एक दिवस जगणारं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"एसी बिसी काही बसवायचा नाही," त्या म्हणाल्या. "शीतगृहवाल्यांना फोन लाव. जागा अजून आहे का विचार."

"आई, अगं पण तू..."

"मला काय धाड भरलीय? फोन लाव म्हणते ना!"

सून पुढे आली. "आई, तुम्हीपण चला आमच्याबरोबर."

"मी? अगं, मी इथल्या दमट हवेची. तिथे माझे गुडघे पहिल्याच थंडीत संप करतील." असं म्हणून काकू हसायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं. दगडावर बसून, पदर तोंडाशी धरून रडल्या. "तुम्ही दोघं मला हवे आहात गं. फार हवे आहात. तूसुद्धा. म्हणून तर एवढे दिवस गप्प बसले."

सुनेनं आपले थंडगार हात त्यांच्या हातांत दिले. मुलगा यंत्राकडे तोंड करून उगाचच एक स्क्रू पिळत राहिला.

पावसाळ्याच्या आधी दोघं गेली. घर खायला उठलं. काकू दोन माणसांचा चहा टाकायच्या आणि दोन्ही कप आपणच प्यायच्या.

एका रविवारी फोन वाजला. पलीकडून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडत होतं, मागे वारा भणभणत होता. "आई! ऐकू येतंय का? बागेत उभी आहे मी! धावत वर आले आत्ता!" काकूंना क्षणभर वाटलं, चुकून भलतीकडेच फोन लागला. दोन वर्षं त्यांच्या घरात ती कुजबुजल्यासारखं बोलायची. स्वभावच शांत आहे, असं काकू कौतुकानं चारचौघांत सांगायच्या.

"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"अहो आई, मी!"