माजघर कुणाचं होतं

"काका, घरात माणसं किती?" आमच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलेल्या आर्किटेक्ट मुलीने विचारलं.

मी म्हटलं, "चार." मी, बायको, दोन मुलं. तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, त्या मुलीपुढे चहा ठेवत होती. तिने कप ठेवला, बशी सरळ केली आणि आत गेली.

मी लगेच चूक दुरुस्त करू शकलो असतो. केली नाही. विसरलो म्हणावं, तर ती समोर उभी. मुद्दाम केलं म्हणावं, तर मनात तसं काही नव्हतं. निदान मला तसं वाटतं. अजून धड उलगडत नाही.

लग्न मोडल्यावर आक्का रत्नागिरीच्या या घरात परत आली ती राहिलीच. मी तेव्हा नोकरीनिमित्त पुण्यात. आईवडिलांची आजारपणं तिनेच काढली; ते गेल्यावर आम्ही इथे राहायला आलो. ती माजघरात निजायची. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली ही खोली इतकी काळोखी, की दिवसाही दिवा लागायचा. सगळ्यांची ये-जा तिथूनच, त्यामुळे तिला कुणी 'आक्काची खोली' म्हटलं नाही. घराच्या नव्या नकाशात माजघर गेलं, तेव्हा कुणाचं काही जातंय असं आमच्या मनातच आलं नाही. तिच्या आलं असणार.

चिऱ्याच्या भिंती पडल्या. घरभर लाल धुरळा. लोखंडी बीम चढले, हातखंब्याहून टाइल्स आल्या आणि ओटी, माजघर, स्वयंपाकघर मिळून एकच ऐसपैस हॉल झाला. बेडरूम दोन: एक आमची, एक मुलांची.

आक्का दारात उभी राहून हसली. "मेल्या, हॉल बांधलास की एसटी स्टँड? आता गुहागर गाडी कुठे लागते ते तेवढं सांग."

बायको म्हणाली, "आक्का, तुमच्यासाठी सोफा-कम-बेड घेतलाय हो. चांगल्यातला."

"मऊ आहे गं," आक्का म्हणाली.

दुपारी मुलांचे मित्र टीव्हीसमोर बसले की तिला पाठ टेकता येईना. लुगडं बदलायला ती बाथरूममध्ये जायची. घर बघायला पाहुणे आले की लगबगीने चादर गुंडाळायची. लोक म्हणायचे, काय मोकळं वाटतं हो! मी मान डोलवायचो.

मग एकदा म्हणाली, "चार दिवस हेदवीला मावसबहिणीकडे जाऊन येते." जयगडच्या फेरीबोटीवर मीच तिला सोडलं. सोबत तिची ट्रंक. चार दिवसांना ट्रंक कशाला, हे मी विचारलं नाही. उलट परतताना मला हलकं वाटलं. हे लिहायला हात धजत नव्हता, पण वाटलं ते खरं.

महिने गेले. फोनवर दर वेळी मी विचारायचो, "कधी येतेस?" ती म्हणायची, "येते की." परवा मात्र म्हणाली, "निजू कुठे ते सांग, लगेच येते." आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडलो तरी असतो.

आज बायको बाजारात गेल्यावर मी खडू घेऊन हॉलमध्ये ओणवा झालो. जुनी भिंत नेमकी कुठून जात होती? सगळीकडे सारख्याच टाइल्स. एक रेघ ओढली, पुसली, हातभर सरकवून पुन्हा ओढली. शेवटी आक्कालाच फोन लावला.

"भिंत घालतोय गं. तुझ्या खोलीची."

ती म्हणाली, "दार असेल ना?"

"असेल की."

"आतून कडी लाव हो त्याला."

"लावतो," मी म्हणालो.

बायकोला मी यातलं अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. ती काय म्हणेल तेही ठाऊक होतं: एवढा खर्च केला तो हॉलच्या मधोमध भिंत घालायला? आणि तिचं तरी काय चुकलं? फाटक वाजलं. रेघ पुसावी की राहू द्यावी, हे मला ठरवता येईना. मी तसाच खडू घेऊन उभा राहिलो.