तिच्या स्क्रीनमधल्या चुका

चंद्रपुरात आमचं घर पेंटरचं. बाजारातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या अब्बांनी रंगवलेल्या. म्हणून दवाखान्यात कॉम्प्युटर आले आणि पेशंटची माहिती भरायची स्क्रीन बनवायचं काम तिथल्या ऑफिसातल्या आम्हा दोघांवर आलं, तेव्हा मी निवांत होतो. रंगाचं मला कोण शिकवणार? दुसरी होती नागभीडकडची, धान पिकवणाऱ्या घरातली, माझ्यानंतर लागलेली. मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दोघंही बनवा, सिस्टरांना जी जमेल ती ठेवू.

माझी स्क्रीन हिरवीगार, अक्षरांना सावली, कोपऱ्यात फिरता लाल क्रॉस. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, मस्त दिसून राह्यली." पण कामाला बसल्या की विचारायच्या, "आता कुठी दाबू?" तिची स्क्रीन फिकट, धानशेतातल्या बांध्यांसारखे सरळ चौकोन. वर पेशंटचं नाव, खाली सिकलसेलचा आजार आहे का ते जाड अक्षरात. आलापल्लीहून तापाचा पेशंट आला, त्याची नोंद सिस्टरांनी तिच्या स्क्रीनवर गप्पा मारता मारता करून टाकली.

माझा नुसता जळफळाट झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी तिच्या स्क्रीनपुढे बसायचो आणि चुका हुडकायचो. सापडल्याही. दुसऱ्या पानावर गेलं की पेशंटचं नाव गायब. तारीख इतकी बारीक की चष्मेवाल्या सिस्टरला दिसेना. 'पुसा' आणि 'ठेवा' ही बटणं एकमेकांना चिकटलेली. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी एकेक चूक दाखवली आणि तिचं तोंड उतरायची वाट पाहिली.

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं भाऊ, मले हे दिसलंच नव्हतं."

आठवड्यात सगळं दुरुस्त करून घेऊन आली. मॅडमनी तिचीच ठेवली. म्हणजे तिला जिंकवायलाही मीच राबलो.

पुढे तिला नागपूरला चांगली नोकरी लागली. इथं नव्या सिस्टरांना शिकवायचं कोणी? मॅडम म्हणाल्या, "तुमच्याइतकी ही स्क्रीन कोणालाच माहीत नाही." आता याला नाही कसं म्हणणार?

मग नवीन बॅच आली की शिकवायला मी. थोड्याच वेळात पोरींचा हात बसायचा आणि कोणीतरी हमखास म्हणायची, "सर, किती सोपी बनवली तुम्ही." मी नाही बनवली म्हटलं की विचारायच्या, मग कोणी? आणि दरवेळी तिचं नाव मलाच घ्यावं लागायचं.