हक्काची शिवी

रविवारी सकाळी साडेसहाला कोपरीच्या मासळी बाजारात शेवंती कोळीण डोक्यावर पाटी घेऊन उभी होती, आणि तिच्या ओट्यावर करिश्मा बसलेली होती. करिश्मा काही परकी नव्हे, पुतण्याची, सहदेवची बायको. पण म्हणून काय झालं? ओटा शेवंतीचा. दारातून आत शिरलं की पहिला, आल्या गिऱ्हाइकाची नजर जिथं पडते तो. सासूनं हातात कोयता देऊन तिथं बसवलं त्याला चौतीस वर्षं झाली. नवरा धाकू गेला, त्याचं तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी ती तिथंच येऊन बसली होती, कारण घरात बसवत नव्हतं. आणि आज तिसरा बाजार. आज करिश्माला उठवलं नाही तर ओटा गेला.

हा नियम कुठं लिहिलेला नाही. कोळणींना लिहून ठेवायची गरज पडत नाही, त्यांच्या सगळं ध्यानात असतं. कोणी आजारी पडली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, तर घरातली दुसरी बाई येऊन जागा धरते. मूळची परतली की तिनं आल्या आल्या शिवी घालून हिला उठवायचं. बसलेली पण गप्प राहत नाही, दोन परत करते, पाटी उचलते, बाजार पोट धरून हसतो, आणि जागा जिची तिची होते. पण मूळची बाई तीन बाजार, म्हणजे बुधवार-शुक्रवार-रविवार असे मासळीचे तीन दिवस, तोंड उघडत नसेल, तर तिनं जागा सोडली असं धरतात. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी फिरवाफिरव नाही. शेवटचा शब्द रमाबाईचा. ऐंशी वर्षांची, बर्फाच्या पेटीशेजारी स्टुलावर बसलेली असते, आणि तिच्याशी वाद घालायची छाती कोणाची नाही.

शेवंती मंगळवारी परत आली ती जपानहून. लेक प्राप्ती आणि जावई दिपेश तिकडे योकोहामात असतात, कॉम्प्युटरच्या कंपनीत. लेकीच्या बाळंतपणाला ती तीन महिने राहून आली. बुधवारी बाजारात पाऊल टाकलं तेव्हा सगळ्या बाया हातातलं काम टाकून बघत होत्या, आता काय ऐकायला मिळतं म्हणून. करिश्मा तर कंबर कसून बसली होती. शेवंती जवळ गेली, जराशी वाकली आणि म्हणाली, बस हां, बस तू, तुझं झालं की सांग. आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बाजारात असं काही कोणी ऐकलंच नव्हतं. 

आता तिचाही दोष किती म्हणायचा? तीन महिने बाईनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. तिकडे बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला ड्रायव्हर थँक यू म्हणतो. आपल्या स्टेशनाबाहेर रिक्षावाला तुम्ही कुठं जायचं ते सांगेपर्यंत पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो, आणि हिला तिकडे दरवाजा आपोआप उघडणाऱ्या टॅक्सीची सवय लागली. पण खरी गंमत मासळीच्या दुकानात झाली. पहिल्याच आठवड्यात प्राप्ती तिला घेऊन गेली. मासे कसे, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, वर नाव, वजन, तारीख. वास म्हणून नाही. शेवंतीला वाटलं, वास नाही म्हणजे काहीतरी लपवतायत मेले. तिनं एका माशाचं प्लास्टिक बोटानं फाडलं, कल्ला उचकटून आत पाहिलं, पोट दाबून पाहिलं. ही तिची रोजची सवय, श्वास घ्यावा तशी. दुकानातली पोरगी धावत आली. शेवंतीनं पदर खोचला, आता भांडण होणार. तर ती पोरगी कमरेत वाकून हिचीच माफी मागायला लागली. मालक आला, तोही वाकला. प्लास्टिक हिनं फाडलं आणि माफी ते मागतायत! शेवंतीला काय करावं कळेना, तीही वाकली. मग ते परत वाकले. असं तीन-चार वेळा झालं. प्राप्तीचा चेहरा लाल झाला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, आई, इथं हात लावत नाहीत, आणि इथं मोठ्यानं बोलू नकोस.

त्यानंतर शेवंती मोठ्यानं बोलली नाही. लेकीची मान खाली जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. घरातही हळू, बाळाशीही हळू. सवय लागते माणसाला. आणि काही गोष्टी तिला आवडल्याही, उगाच खोटं कशाला बोला. कोणी धक्का देत नाही, कोणी खेकसत नाही. बरं वाटायचं जिवाला. पण गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, ते तेव्हापासून.

तर बुधवार असा गेला. शुक्रवारी ती शिवी घालायचीच असं ठरवून आली. घरून निघताना तोंडात जुळवूनही ठेवली होती. करिश्मासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाज निघेना. निघालं काय, तर "तुला त्रास होत नसेल तर…" करिश्मानं तिच्याकडे असं पाहिलं की बघवेना, आणि मान फिरवली.

मग शेवंती भिंतीशी पाटी लावून बसली, तर गिऱ्हाईक फिरकेना. या, बघा, नको असेल तर हरकत नाही, असं ती म्हणायची. नको असेल तर हरकत नाही असं ज्या मासळीबद्दल कोळीण म्हणते, ती मासळी कोण घेईल? नौपाड्याच्या सुमतीबाई, निवृत्त शिक्षिका, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पापलेट उचललं, परत ठेवलं आणि काळजीनं विचारलं, शेवंतीबाई, प्रकृती बरी नाही का? दोन शब्द ऐकवले नाहीत तुम्ही, मला पापलेट शिळंच वाटायला लागलं. आणि त्या करिश्माकडे गेल्या.

रमाबाईनं शुक्रवारी संध्याकाळी निरोप धाडला. रविवारी नवाच्या आत बोल, नाहीतर मी बोलेन.

आणि आता रविवार. गर्दी वाढत चालली. साडेसात झाले, आठ झाले. शेवंतीच्या पाटीतला बर्फ वितळून पाणी पायाखाली यायला लागलं. बाया येता-जाता तिच्याकडे चोरून बघत होत्या. जिनं उभ्या बाजाराला धारेवर धरलं, ती बाई पाहुण्यासारखी भिंतीला टेकून उभी, याची त्यांनाच लाज वाटत होती. करिश्मा एकामागून एक मासळी कापत होती, कोयता नेहमीपेक्षा जोरात आपटत होती. साडेआठला रमाबाईनं स्टुलाखालची काठी हातात घेतली. पावणेनऊला ती उठून उभी राहिली.

शेवंती पुढे झाली.  करिश्मासमोर जाऊन उभी राहिली आणि शरीराला लागलेली सवय, आधी वाकलीच.

करिश्मानं कोयता ओट्यावर टाकला. तिचे डोळे भरून आले होते.

"काकी, शिवी का नाय देत गो? परक्या बाईशी बोलावं तशी बोलतेस माझ्याशी. बाजार काय म्हणतो ठाऊक हाय? काकीनं करिश्माला टाकली म्हणतो. तीन महिने तुझी जागा राखली, माझं बाळ पाळण्यात टाकून आले. उठायला मी केव्हाची तयार हाय. तू उठव तर खरी."

परक्या बाईशी, हे ऐकलं आणि शेवंतीला लेक आठवली. विमानतळावर निघताना प्राप्ती तिच्यासमोर उभी राहिली होती. कुशीत बाळ. थोडीशी वाकून म्हणाली होती, थँक यू आई, तुला खूप त्रास दिला. किती नीट बोलली. बारा वर्षांची असताना भातात मीठ कमी म्हणून ताट भिरकावणारी पोरगी, तीन महिन्यांत एकदाही आईशी भांडली नाही. आपल्याच लेकीनं आपल्याला पाव्हणी केलं, आणि आपणही हसून वाकलो. गळ्यात अडकलं होतं ते हेच.

आणि मग आवाज निघाला.

"ऊठ गो अवदसे! तुझ्या बापानं बांधलेला काय ओटा? तीन बाजार बसली, ढुंगणाला मुळं फुटली काय तुझ्या? माझ्या सासूची जागा ती, सटवे, आणि वर मलाच शिकवतेस?"

बाजार असा हसला की बाहेर रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. करिश्मा डोळे पुसत उठली, पाटी उचलली, म्हातारे, इतके दिवस झोपलेलीस काय, म्हणून शिवी परत केली. रमाबाई काठी टेकून म्हणाली, झाली गो जागा, आणि स्टुलावर बसली. शेवंती ओट्यावर चढली, मांडी घातली.

पण तोंड थांबेना. करिश्मा उठून बाजूला झाली तरी शेवंती बोलतच होती, आणि हळूहळू बायांच्या ध्यानात आलं की ही आता करिश्माला बोलत नाही.

"थँक यू म्हणतेस? मला? नऊ महिने पोटात वागवली, मासळीच्या पाटीशेजारी झोपवून वाढवली, ती मला थँक यू म्हणते? त्रास दिला म्हणते? त्रास द्यायचा नाय तर आई कशाला असते गो, भवाने…"

हसणं थांबलं होतं.  सुमतीबाई पिशवी घेऊन समोर उभ्या होत्या, त्यांनी चष्मा काढून पुसला. करिश्मानं आपली पाटी भिंतीशी ठेवली, परत येऊन शेवंतीला चिकटून बसली, आणि सुमतीबाईंना किती पाहिजेत ते विचारून शेवंतीच्या पाटीतलं पापलेट कापायला घेतलं.