पाठमोऱ्या आईचं चित्र

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी माझे बाबा माझ्या मुलीला, ईराला घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले आणि तेवढ्यात मी नाशिकच्या घरातून पळून गेले. याला दुसरा शब्द नाही. बॅगा आदल्या दिवशीच शेजारच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. ईरा तेव्हा साडेचार वर्षांची होती. "मुलाच्या देखत निघू नये गं, रडून रडून ताप काढतात," असं आई म्हणाली होती, आणि आमच्याकडे सगळे असेच निघतात. माझी आत्या दुबईला गेली तेव्हा तिच्या मुलाला भेळ खायला बाहेर नेलं होतं. नेणारी मीच होते, आणि त्याचं मला तेव्हा काहीही वाटलं नव्हतं.

टॅक्सी कसारा घाटात असताना मी फोन केला. "आलीये. नवीन पुस्तक बघतेय. छान रमलीये, तू नीट जा," आई म्हणाली. एवढ्या वाक्यावर मी विमानात बसले.

मकरंद, माझा नवरा, आधीपासून कतारमध्ये होता. गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, राहायला कंपनीच्या कॅम्पात. मला दोह्यात, मुशैरिबच्या एका ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी मिळाली आणि दोन आठवड्यांत जॉइन व्हायचं होतं. ईराला तीन महिन्यांत नेऊ असं ठरलं होतं. मग जन्मदाखल्याचं अटेस्टेशन, फॅमिली व्हिसा, घर, शाळेतली सीट असं एकेक करत अकरा महिने गेले. इथे प्रत्येक ठिकाणी 'इन्शाल्ला' म्हणतात आणि त्यात उद्यापासून पुढच्या वर्षापर्यंत काहीही बसतं. त्या अकरा महिन्यांत ईरा फोनवर एकदाही रडली नाही. माझ्याशी बोलायचीही नाही. कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरून एकेक पान उलटायची, बस्स. आई म्हणायची, "बघ, किती शहाणी आहे." मलाही तेच खरं मानायचं होतं.

ते पुस्तक म्हणजे युरोपातल्या परीकथांचं एक जुनं मराठी रूपांतर. मजकूर कुणा सोवळ्या मास्तरांनी लिहिलेला असावा, आणि चित्रं मात्र थेट परदेशातली, प्रत्येकावर बटरपेपरचं पान. आजारी आजीला खाऊ न्यायला निघालेल्या मुलीच्या परडीत चित्रात पाव आणि दारूची बाटली स्पष्ट दिसते. खाली लिहिलंय, 'करंज्या आणि औषध'. बर्फात गाडलेल्या झोपडीला 'पर्णकुटी' म्हटलंय. या सगळ्याला मी पोट धरून हसले असते, पण चोविसाव्या पानावर एक वेगळंच चित्र आहे. आईबाप आपल्या दोन मुलांना जंगलात सोडून परत निघालेत. बापाच्या खांद्यावर कुऱ्हाड, आईच्या कमरेला पांढरा एप्रन. दोघं पाठमोरी. झाडांची मुळं अगदी मुलांच्या पायांपर्यंत आलीयेत. चितारणाऱ्याने मुलांच्या मागे उभं राहून ते काढलंय, त्यामुळे बघणाऱ्यालाही आईचा चेहरा दिसत नाही.

मी निघून गेले त्याच दुपारी माझ्या मुलीच्या हातात हे पुस्तक आलं. बाबांना दोष कसा देऊ? त्यांनी बिचाऱ्यांनी कव्हरवरची परी बघून घेतलं होतं.

ईरा कतारला आली तेव्हा पुस्तक घट्ट धरूनच आली. एअरपोर्टवरून येताना गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. रस्ता, क्रेन, वाळू, पुन्हा रस्ता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "इथे जंगल नाहीये." मकरंद हसला. "बरंय," ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

आम्ही अल रय्यानच्या बाजूला मुऐदरला राहतो. व्हिलात राहतो म्हटलं की नाशिकला सगळ्यांना बंगला वाटतो. एका व्हिलाचे भिंती घालून सहा भाग केलेत आणि त्यातला एक आमचा, हे मी कधी सांगितलेलं नाही. पहिलं वर्षभर ईरा माझ्यामागे बाथरूमच्या दारापर्यंत यायची. मी तिला रोज गोष्टी वाचून दाखवायचे, पण भीतीने सगळ्या बदलून. माझ्या तोंडून लांडगा शाकाहारी झाला. सावत्र आई प्रेमळ झाली. आणि चोविसावं पान मी ऑफिसच्या स्टेपलरने पुढच्या पानाला ठोकून टाकलं. ऑफिसात माझं कामच ते, जुनं ड्रॉइंग कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. हळूहळू ती इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, मैत्रिणी झाल्या, बाथरूमचं दार मोकळं झालं. मी म्हटलं, खलास, विसरली.

आता ईरा आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात फोन आला की बाबांची बायपास करावी लागणार. मला जायलाच हवं होतं, निदान तीन आठवडे. ईराची परीक्षा होती, मकरंदला रजा नव्हती. म्हणजे मी एकटी. मकरंद म्हणाला, "रविवारी सकाळी ती शाळेत असताना निघ. संध्याकाळी मी सांगतो. उगाच रडारड नको." आई फोनवर म्हणाली, "तिला कळू देऊ नकोस हं." इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा असते. मी रविवारचं तिकीट काढलंसुद्धा. त्या आठवड्यात ऑफिसात एकच फाइल दोनदा पाठवली. बाबांची काळजी करायला बसले की ईराचा चेहरा समोर यायचा, आणि ईराजवळ बसले की बाबांचा.

ईराच्या शाळेची व्हॅन चालवणारे दत्ताभाऊ बीडकडचे आहेत, एकटेच राहतात. रविवारी सकाळी ईरा व्हॅनमध्ये नीट बसली का बघा, असं त्यांना सांगायला गेले आणि सगळंच बोलून बसले. ते गाडीची काच पुसत होते. पुसत पुसतच म्हणाले, "ताई, म्या बी लेकरू झोपल्यालं बघूनच निघालो व्हतो. सांगून निघायची हिंमत न्हवती. आता सुट्टीला गेलो की पोरगी रातभर झोपत न्हाई. डोळं लागलं की बाप जातुय, आसं बसलंय तिच्या डोक्यात." मग काच झाली तरी ते तिथेच फडकं फिरवत राहिले.

त्या संध्याकाळी मी ईरासाठी रंगपेटी घेऊन आले. मोठी, चार कप्प्यांची. का आणली हे मला तेव्हा कळलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिने पेटी उघडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यू बॉट मी अ प्रेझेंट. आर यू लीव्हिंग?"

ती उठून पुस्तक घेऊन आली आणि चोविसावं पान काढलं. स्टेपल कधीच्या उचकटल्या होत्या, भोकं जुनी दिसत होती. तिने एप्रनवाल्या आईच्या पाठीवर बोट ठेवलं. "दे कुड हॅव जस्ट टोल्ड देम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग मी सांगितलं. आजोबांचं हृदय, ऑपरेशन, तीन आठवडे, मी एकटी. तेव्हा नाशिकहून कशी निघाले, बॅगा कुठे लपवल्या होत्या, तेही सांगितलं. "तेव्हा मी चुकले, ईरा," असं म्हणाले. आठ वर्षांच्या मुलीची माफी मागायला इतका घाम फुटतो हे मला माहीत नव्हतं. ती रडली. केवढी रडली! पेटी ढकलून दिली, मला ढकललं, पलीकडच्या बिऱ्हाडातून भिंतीवर टकटक झाली. मकरंद दारात उभा राहून "सांगितलं होतं ना" अशा नजरेने बघत होता. तो बरोबर आहे की काय, अशी धास्ती मला अजूनही अधूनमधून वाटते. दुसऱ्या दिवशी मी रविवारचं तिकीट बदलून शुक्रवारचं घेतलं. शुक्रवारी शाळा नसते.

एअरपोर्टवर ती आली. पासपोर्टच्या रांगेपर्यंत कठड्याला धरून उभी राहिली. हात हलवला नाही. मी तीनदा वळून पाहिलं, आणि तिन्ही वेळा ती बघतच होती. माझ्या पाठीवर कुणाची नजर असताना मी पहिल्यांदाच कुठून तरी निघत होते.

हे मी नाशिकला, हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. ऑपरेशन झालंय, बाबा अजून आतच आहेत, डॉक्टर 'बघू' एवढंच म्हणतात. येणारे-जाणारे नातेवाईक विचारतात, "घरी कधी आलीस?" आणि लगेच, "घरी कधी जाणार?" दोन्ही प्रश्नांना मी तारखा सांगते. मुलांना भेळ खायला, बागेत, दुकानात पाठवून जे माझ्यासारखे निघालात, आणि ज्यांनी मागे राहून आमच्यासाठी 'छान रमलीये' असं खोटं सांगितलंत, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. तुमच्यावर माझा राग नाही. पण मला आता तसं जमणार नाही.

काल ईराचा फोन आला. बोलता बोलता ती एकदम रडायला लागली, मोठ्याने, हुंदके देऊन. त्या अकरा महिन्यांत जे कधी ऐकलं नव्हतं ते मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. तिला गप्प कर म्हणून मागून मकरंदचा आवाज आला, तेव्हा मीच म्हणाले, रडू दे. माझ्यापाशी ती आता रडू शकते. तिचं रडणं जिथे ऐकून घ्यावं लागतं, तेच आता माझं घर.