पावण्यांचा खर्च

मी गणपतराव, मुक्काम उचगाव, कोल्हापूरजवळ. सासऱ्यानं सुनेचं कौतुक करावं का, असं विचारणाऱ्यांनी खुशाल विचारावं. मी करणार.

१९९८ साल. आमच्या उदयसिंहाला पुण्याच्या कारखान्यातनं बोलावणं आलं. पगार इथल्याच्या दीडपट. पोरगं हरखलं. त्याचा कागलचा दोस्त सयाजी पुण्यातच कामाला, सुट्टीला आलता. तिकडं ऱ्हायला काय खर्च येतोय ते सांग, म्हणून त्याला घरी बोलवला. सोप्यात बैठक बसली.

"इथं घर आपलं, दूध घरच्या म्हशीचं, भाजी रानातली," सयाजी म्हणाला. "तिथं दोन खोल्यांचं भाडं, दूध पिशवीचं, कोथिंबिरीच्या काडीला बी पैसं. तरी तुम्हा दोघांचं आणि पोराचं भागतंय. वर थोडं मागं बी पडंल."

माझी सून प्रियदर्शनी आत भाकऱ्या थापत ऐकत होती. पिठाच्या हातानं दारात आली. "भाऊजी, पावण्यांचं धरलं न्हाईसा की."

सयाजी हसत सुटला. "वैनी, पुण्यात जेवायला कोण येतंय? लोक फोन करून येत्यात आणि च्या पिऊन जात्यात."

माझं टाळकंच सरकलं. आमच्या दारात जेवणाच्या वक्ताला आलेला माणूस उपाशी गेलेला न्हाय. म्हशी बघायला आलेला दलाल असू दे, न्हायतर मीटर बघायला आलेला वायरमन. दुरडीत दोन भाकरी कायम जास्तीच्या, येणाऱ्याच्या.

"ज्या घरात पावणं न्हाय त्याचं भाडं कशाला भरायचं रं?" मी वरडलो. "न्हाय जायाचं!"

उदयसिंहाचं तोंड उतरलं. खरं सांगतो, मला भ्या वाटत होतं. पोरगं तिकडं दार लावून जेवायला शिकंल आणि मग आमचं ऱ्हाणार न्हाय, एवढंच डोक्यात होतं.

प्रियदर्शनी ढळली न्हाय. "आबा, जाऊ की. पावण्यांचं धरून दोन खोल्या परवडत न्हाईत, तर एकच घेऊ."

"आणि एका खोलीत पावणं बसवणार कुठं? माळ्यावर?"

"पावणं खाली. माळ्यावर आम्ही बसतो."

सगळा सोपा हसला. मी बी हसलो, काय करणार?

गेली दोघं नातवाला घिऊन. भोसरीत एक खोली केली. टीव्ही घेतला न्हाय. शाळूची पोती आणि चटणीचा डबा मी इथनं लावून द्यायचो. फोन केला की "बरं चाललंय आबा" एवढंच. माझी खात्री पटंना.

दोन वर्षांनी न सांगता गेलो. मुद्दाम जेवणाच्या टायमाला. गल्लीच्या तोंडाला एका चहावाल्याला उदयसिंहाची खोली विचारली.

"कोल्हापूरच्या वहिनींकडे ना? सरळ जा. जेवायचीच वेळ आहे, विचारायचं काही नाही."

दार सताड उघडं. आत दाटीवाटीनं पंगत बसलेली. उदयसिंह पाळीवर गेलता, नातू शाळंत. प्रियदर्शनी पाठमोरी, तव्यापाशी. लेकीच्या ॲडमिशनला आलेला शिरोळचा एक गृहस्थ, शेजारचा परप्रांतीय वेल्डर आणि आणखी कोण कोण, मी एकालाबी वळखत नव्हतो. शिरोळकर मला बघून बाजूला सरकला.

"या पावणं, हात धुवा. जागा हाय."

मी पावणा? आयला, माझ्याच शाळूची भाकरी मोडत मलाच पावणा म्हणतोय! 'आरं, माझ्या लेकाचं घर हाय हे,' असं अगदी जिभेवर आलतं. पण मी उंबऱ्याशी वहाणा काढल्या.

"कोण आलंय?" तव्यावरची नजर न हलवता प्रियदर्शनीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "बसवा त्यांना. दोन भाकरी हाईत जास्तीच्या."

मी गप हात धुतले आणि पावणा म्हणून पंगतीला बसलो.