शिडाखालची रुपीबाई

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबहून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की बाभळींच्या आड बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. रुपीबाई तिथली. नवरा धरमसिंग, मुलगा बादल आणि कोरडवाहू कापसाचं वावर, एवढा तिचा संसार. ती वर्षं कापसाला वाईट होती. कधी अळी बोंडं पोखरायची, कधी लाल्या पडून उभं वावर तांबडं व्हायचं, आणि जे हाती यायचं त्याला बाजारात भाव नसायचा. घरोघरी माणसं अबोल झाली होती. अशात आपल्या दुखण्याचं काय सांगायचं, म्हणून छातीतल्या गाठीबद्दल रुपीबाईनं वेचणी सुरू झाली तरी कोणाला कळू दिलं नाही.

ओळखलं ते धनीबाईनं. तांड्यावरची ही सगळ्यांत म्हातारी बाई. कापूस वेचताना रुपीबाई डावा हात जपून राहते, हे तिच्या नजरेनं टिपलं. तिनं तिला बाजूला नेऊन तपासलं आणि त्याच संध्याकाळी धरमसिंगला दमात घेतलं. आठवडा उलटायच्या आत रुपीबाई नागपूरच्या दवाखान्यात होती. ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला, मग केमोच्या सलाईनी सुरू झाल्या.

शेजारच्या खाटेवर यवतमाळच्या पद्मजाताई होत्या. जिल्हा परिषदेत मोठ्या हुद्द्यावर, घरात पुस्तकांची कपाटं, माहेर वकिलांचं. पण केस दोघींचे एकदमच गळले. पद्मजाताईंचा डबा नातेवाईक आणत, त्यातला वरणभात त्या रुपीबाईच्या ताटात वाढत. पुढे एकदा पद्मजाताईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि आता सलाईन नको, घरी न्या, म्हणून हट्ट धरला. रुपीबाईला त्या दिवशी सुटी मिळाली होती, गाडीची वेळ झाली होती. तिनं धरमसिंगला एकट्याला परत पाठवलं आणि ती पद्मजाताईंच्या खाटेशी बसून राहिली. पाय चेपत राहिली. दुसऱ्या दिवशी पद्मजाताईंनी आपण होऊन सलाईनसाठी हात पुढे केला.

रुपीबाई तांड्यावर परतली तेव्हा तिचं वावर वेचून झालं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. बायका आपापलं काम आटोपून तिच्या वावरात उतरल्या होत्या आणि कापूस घरात आणून टाकला होता. धरमसिंग भाकरी थापायला शिकला होता. धनीबाईनं तिच्यासाठी नवी कांचळी, म्हणजे बंजारा चोळी, शिवली होती, आरशांच्या टिकल्या लावून, आणि डाव्या बाजूला आतून तिच्याच वावरातल्या कापसाची मऊ गादी घालून. ती अंगात घातल्यावर रुपीबाई पहिल्यांदा रडली. दवाखान्यात तिला रडू आलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी पद्मजाताई जीप करून थेट तांड्यावर आल्या. त्यांच्यासोबत मिताली नावाची मुलगी होती. रत्नागिरीची, शिडाच्या होड्या चालवणारी. तिची आई याच आजारानं गेली होती. कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना घेऊन रत्नागिरीहून कारवारपर्यंत शिडाच्या होडीतून जायचं तिच्या मनात होतं. पद्मजाताईंनी स्वतःचं नाव दिलं होतं आणि न विचारता रुपीबाईचंही.

रुपीबाईनं समुद्र पाहिला नव्हता. पोहणं येत नव्हतं. तिनं हात जोडले. रात्री मात्र धरमसिंगनंच विषय काढला. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून त्याच किनाऱ्यावरून आणायचे, असं त्यानं ऐकलं होतं. "तू जाय," तो म्हणाला. "वावराचं मी पाह्यतो. तू वाचली, आता घरातच काहून बसून राह्यतं?"

पहिले धडे नागपूरच्या एका तलावावर झाले. डॉक्टरांनी डाव्या हातावर जास्त भार न घ्यायच्या अटीवर होकार दिला आणि सूज येऊ नये म्हणून घट्ट बाही घालायला दिली. होडी दोनदा उलटली. लाइफ जॅकेटमुळे आपण बुडत नाही हे कळल्यावर रुपीबाई पाण्यात उताणी पडून हसायला लागली.

समुद्राची गोष्ट वेगळी होती. जानेवारीत रत्नागिरीहून सहा बायका आणि मिताली निघाल्या, आणि किनारा दूर गेला तशी रुपीबाईला उलट्या सुरू झाल्या. पाणीही टिकेना. ती होडीच्या तळाशी गोधडीसारखी पडून राहिली. बाकीच्या बायका तिच्या सुकाणूच्या पाळ्या करत होत्या, तिचं तोंड पुसत होत्या. देवगडला नांगर टाकला तेव्हा तिनं पद्मजाताईंना सांगितलं, "ताई, मले उतरवून द्या. मी तुमच्यावर ओझं होऊन राह्यली."

पद्मजाताई तिच्याजवळ टेकल्या. "उतरायचं असेल तर उतरा, रुपीबाई. मीही उतरते. तुम्हाला एकटीला मी गाडीत बसवणार नाही."

रुपीबाई उठून बसली. ताईंनी एवढी हिंमत करून घर सोडलंय आणि आपल्यापायी त्यांचं अर्धवट राहायचं, हे तिला पटेना. तिनं लिंबू-मीठ मागितलं. थोडं पोटात राहिलं. सकाळी नांगर उचलला तेव्हा ती होडीतच होती.

त्याच दिवशी दुपारनंतर वाऱ्यानं रंग बदलला. मालवणच्या अलीकडे लाटा एकावर एक चढू लागल्या आणि होडी एका अंगावर कलली. शीड लहान करायला मितालीला चौघी जणी डोलकाठीपाशी हव्या होत्या. एकीचा पाय मुरगळला होता. सुकाणूवर रुपीबाई आली, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मितालीनं ओरडून सांगितलं, होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवा, काही झालं तरी सोडू नका. रुपीबाईनं उजव्या हातानं दांडा कवटाळला. एक लाट डोक्यावरून गेली, नाकातोंडात खारट पाणी गेलं. ती भीतीनं मोठमोठ्यानं सेवालाल महाराजांचा धावा करत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात दांड्यावर होता. पुढे उजवा हात भरून आला, डावा लावायचा नव्हता. तेवढ्यात डोलकाठीकडून पद्मजाताई सरकत आल्या आणि त्यांनी तिच्या हातावर आपले दोन्ही हात घट्ट दाबले. दोघी तशाच बसून राहिल्या. शीड लहान झालं, होडी सरळ झाली.

"सोडा आता," मिताली म्हणाली. रुपीबाईची बोटं काही केल्या उघडेनात. मितालीनं ती एकेक करून सोडवली आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

कारवारच्या वाळूवर त्या उतरल्या तेव्हा मासे निवडत बसलेल्या कोळणी उठून आल्या. त्यांची कोकणी या बायकांना नीट कळत नव्हती, यांची बोली त्यांना. या कशातून उठून आल्यात ते मितालीनं खुणांनी सांगितलं, तसं एका कोळणीनं आपल्या अंबाड्यातलं अबोलीचं फूल काढून रुपीबाईच्या पुन्हा वाढलेल्या केसांत खोवलं. मितालीच्या मोबाइलवरून तांड्यावर फोन लागला. रुपीबाई धरमसिंगला म्हणाली, "सगळ्याइले सांगजा, मी पोचली. धनीबाईले पयले सांगजा." पलीकडून धरमसिंगनं नाक ओढल्याचा आवाज आला.

ती पुन्हा समुद्रावर गेली नाही. तिला तशी हौसही नव्हती. पण तांड्यावरच्या बायका, आणि मग शेजारच्या गावांतल्याही, हळूच तिच्याकडे येऊ लागल्या. पाणी भरताना, वेचणीत, बाजाराच्या गर्दीत कोणीतरी तिचा पदर ओढून बाजूला न्यायची. रुपीबाई ऐकून घ्यायची, भीती घालायची नाही. मी बी घाबरली होती, एवढंच सांगायची. मग कापसाचे दिवस असोत की सोयाबीनचे, ती त्या बाईसोबत जीपमध्ये बसून दारव्ह्याच्या दवाखान्यात जायची, आणि गरज पडली तर पुढे नागपूरला.

तांड्यावरच्याच मैनाबाईला ती अशीच घेऊन गेली. तपासणीचा निकाल येईपर्यंत मैनाबाईनं तिचा हात सोडला नाही. गाठ साधी निघाली. दवाखान्याच्या पायरीवर येऊन मैनाबाई तिच्या पाया पडायला वाकली, तशी रुपीबाईनं तिला वरच्या वर धरलं.

"माह्या नोको पडू," ती म्हणाली. "मले तं धनीबाईनं धरून आणलं होतं. चाल, भूक लागली."

दोघींनी स्टँडवर गरम भजी घेतली आणि संध्याकाळच्या जीपनं तांड्यावर परतल्या.