बाराव्या दिवसापर्यंतचं नाव

शेजारी नवीन बिऱ्हाड आलं त्याच्या तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळची गोष्ट. मीनाक्षी सबनीस सिंकपाशी कोथिंबीर निवडत उभी होती. जूनमध्ये शिकागोजवळच्या शॉमबर्गला साडेआठ वाजले तरी पुरता अंधार होत नाही, तशी ती वेळ. खिडकी उघडी होती. कुंपणापलीकडून एका बाईची हाक आली. लांबलचक, शेवट हवेत सोडून दिलेली.

"सेल्माऽऽ!"

"ओ," मीनाक्षी म्हणाली.

टेबलाशी चित्र रंगवत बसलेली नऊ वर्षांची सुलेखा हसायला लागली. "आई, शी वॉझन्ट कॉलिंग यू!"

"माहितीय गं. तोंडातून निघून गेलं."

हात पुसताना तिच्या लक्षात आलं, काड्या वाटीत पडल्या होत्या आणि पानं कचऱ्यात.

सबनीसांच्या घरात सेल्मा नावाचं कुणी नव्हतं. खरं तर होतं म्हणायचं की नव्हतं, हेच मीनाक्षीला बारा वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

शिकागोकडच्या मराठी मंडळींत मीनाक्षीकाकू दोन गोष्टींसाठी ओळखीच्या होत्या. कुणाकडे बाळ होणार असलं की त्या मऊ मलमलीचं झबलं-टोपडं हातानं शिवून न्यायच्या, आणि झबलं देण्याआधी पोटुशी बाईला विचारायच्या, "नाव ठरलंय ना? ठरवून ठेव. हॉस्पिटलात पहिल्या तासाला सांगून टाक." नव्या मुली हसायच्या. "काकूंचं काही विचारू नका, यार. डोहाळजेवणातही बारशाची घाई!" काकूही हसायच्या आणि झबल्याची घडी पुन्हा नीट करायच्या.

त्यामागची पुरती गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. मीनाक्षीला, आणि तिच्या नवऱ्याला, हेमचंद्रला.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, दिवस भरायच्या सात आठवडे आधी, त्यांना मुलगी झाली. तळहातावर मावावी एवढी. काचेच्या पेटीवर कार्ड लावलं होतं, 'बेबी गर्ल सबनीस'. नाव विचारायला बाई आली तेव्हा मीनाक्षीनं समजावून सांगितलं, आमच्यात बाराव्या दिवशी नाव ठेवतात. मुलाची आत्या ठेवते. त्याआधी नाही. नागपूरला नणंदेला तार गेली होती. नाव निवडायचा मान तिचा, ती पत्रानं कळवणार होती.

त्या वॉर्डात एक वयस्क नर्स होती. लढाईनंतर जर्मनीहून आलेली, रुंद हातांची, कमी बोलणारी. तिला हे काही पटलं नाही.

"बारा दिवस हिला मी 'गर्ल' म्हणून हाक मारू? इतक्या छोट्या मुलांना नावानं बोलावत राहावं लागतं, मिसेस सबनीस. नाहीतर ती थांबत नाहीत."

"पण आमच्यात..."

"कळलं. मग बाराव्या दिवसापर्यंत माझं घ्या. उसनं. नंतर परत करा." आणि तिनं निळ्या पेनानं कार्डावर लिहिलं, 'सेल्मा'.

ती हाक मारायची तेव्हा बाळ मान वळवायचं. डॉक्टर म्हणाले, योगायोग. मीनाक्षीनं दोनदा डोळ्यांनी पाहिलं. स्वतः मात्र तिनं त्या नावानं एकदाही हाक मारली नाही. 'बाळा' म्हणायची, 'सोन्या' म्हणायची. नाव कसं घ्यायचं? बारसं व्हायचं होतं ना अजून.

नवव्या दिवशी सकाळी पेटी रिकामी झाली. ऑफिसातल्या माणसानं पेटीवरचं कार्ड समोर ठेवून कागद भरले, हेमचंद्रनं न वाचता सह्या केल्या. दातही न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, म्हणून तिला गावाबाहेरच्या सिमेटरीत पुरलं. गवताच्या पातळीवर एक लहान दगड बसला. 'सेल्मा सबनीस', खाली दोन तारखा, महिना एकच.

नागपूरचं निळं एरोग्राम आलं ते बरोबर बाराव्या दिवशी. मीनाक्षीनं ते उघडलं नाही. शिवणाच्या डब्याच्या तळाशी, मलमलीच्या तुकड्यांखाली ठेवून दिलं.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण हॉस्पिटलात गिफ्टच्या पिशव्या वाटणारी एक बाई यायची. तिनं कार्डावरचं नाव कधीतरी आपल्या वहीत उतरवून घेतलं होतं. तीन महिन्यांनी डायपरची कुपनं आली. मग बाळाच्या सीरिअलची. मग एक गुलाबी कार्ड, 'सेल्मा आता पावलं टाकू लागली असेल!' पाचव्या वर्षी मुळाक्षरांच्या पुस्तकांची जाहिरात, आठव्या वर्षी सायकलीची. मधल्या काळात सबनीसांनी दोनदा घर बदललं होतं, तरी टपाल मागोमाग येतच राहिलं. कुठल्याशा यादीत ती मुलगी न चुकता मोठी होत होती. बंद करा म्हणून हेमचंद्रनं एकदा कंपनीला पत्र लिहिलं. मीनाक्षी ते टाकायला गेली आणि पर्समध्ये तसंच घेऊन परत आली.

या वर्षी पहिल्यांदाच टपाल आईबापांच्या नावानं न येता सरळ तिच्या नावानं आलं होतं. मिस सेल्मा सबनीस. मोठ्या होऊ घातलेल्या मुलींचं मासिक.

आणि त्याच उन्हाळ्यात कुंपणापलीकडून हाका सुरू झाल्या.

शेजारीण लेबननची होती. नजवा. तिनं द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताची बशी पाठवली. रिकामी बशी परत कशी पाठवायची, म्हणून मीनाक्षीनं बटाटेवडे पाठवले. अशी कुंपणावरून ये-जा सुरू झाली. नजवाची सेल्मा अकरा वर्षांची होती. लांब वेणी, गुडघे कायम खरचटलेले.

"नाव छान आहे," मीनाक्षी एकदा धीर करून म्हणाली.

"माझ्या सासूचं. आमच्यात नातीला आजीचं नाव."

"अरबी आहे?"

"मग कुणाचं असणार?"

"मी एक जर्मन बाई ओळखत होते. तिचंही सेल्माच."

नजवानं कंबरेवर हात ठेवले. "बघ! आता आमची नावंही नेली त्यांनी!" आणि इतकी खळखळून हसली की मीनाक्षीलाही हसावं लागलं.

त्या आठवड्यात किराणा घ्यायला गेली असताना, काउंटरपाशी मुलांच्या नावांची चिमुकली पुस्तकं टांगलेली असतात, त्यातलं एक तिनं उघडलं. सेल्मा. अरबीत, सुखरूप. जर्मनांतही जुनं. प्रसिद्ध व्यक्ती म्हणून एक स्वीडिश लेखिका, एक नटी. शिवाय अलाबामातलं त्याच नावाचं गाव, जिथून कृष्णवर्णीयांनी मोर्चा काढला. मीनाक्षीनं यादी दोनदा वाचली. मागचा माणूस खाकरला तेव्हा तिनं पुस्तक घाईघाईनं परत अडकवलं, जणू कुणी तिला चोरताना पाहिलं होतं.

जुलैत हेमचंद्रची बदली ठरली. न्यू जर्सी, पार्सिपनी. त्याची थोरली बहीण वसुधा सात वर्षांपूर्वी नागपूरहून तिथंच आली होती. सगळ्यांना आनंद झाला.

"आणि ती?" मीनाक्षीनं विचारलं.

हेमचंद्रला 'कोण' असं विचारावं लागलं नाही. "मीनाक्षी, दगड आहे तो," तो म्हणाला आणि गाडीचं ऑइल बघायला गॅरेजमध्ये गेला. अर्ध्या तासानं ती कपड्यांची टोपली घेऊन तिकडे गेली तर तो गाडीत बसला होता. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. ती टोपली घेऊन तशीच माघारी फिरली.

पत्ता बदलल्याचं पोस्टाचं कार्ड त्यानं फ्रिजवर चिकटवून ठेवलं. त्यावर एक ओळ होती, घरातल्या ज्यांचं टपाल पुढे पाठवायचं त्या प्रत्येकाचं नाव लिहा. "एवढं भरून टाक गं," तो रोज म्हणायचा. मीनाक्षी रोज पेन घ्यायची. तीन नावं लिहिली की चौथी इथेच राहणार. कुणी भेटायला येणार नाही, टपालही येणार नाही. आणि चौथं लिहायचं, तर कुठल्या हक्कानं? त्या नावानं आपण तिला कधी हाकही मारली नाही. तिन्हीसांजेला नजवा कुंपणापलीकडून हाक मारायची, आणि मीनाक्षी ओठ घट्ट मिटून नळ मोठा सोडायची.

ऑगस्टमध्ये वसुधा सामान बांधायला आली. दोन रिकाम्या सूटकेसा आणि तोंडभर बोलणं घेऊन.

"अगं मीनाक्षी, हे घर आहे की म्युझियम? दह्याचे डबे किती ते! एकोणपन्नास! पार्सिपनीला दही मिळतं गं बाई."

"असू दे हो वन्सं, आमटी भरून द्यायला लागतात."

"कुणाला, अख्ख्या न्यू जर्सीला?"

दुपारी ती शिवणाचा डबा रिकामा करत होती. बडबड एकदम थांबली. मीनाक्षीनं वळून पाहिलं. वसुधाच्या हातात निळं एरोग्राम होतं.

"हे माझं अक्षर आहे."

वसुधानं पत्र उलटं करून पाहिलं.

"उघडलंच नाहीस?"

"आलं तो बारावा दिवस होता, वन्सं."

वसुधा खोक्यावर बसली. बराच वेळ ती पत्राच्या कडा बोटानं दाबत राहिली. "आणि मी काय समजत होते? सुलेखाच्या वेळी तू परस्पर नाव ठेवून मोकळी झालीस. मला विचारलं नाहीस. आत्याचा मान ठेवला नाही म्हणून नऊ वर्षं मनात धरून बसले मी. हेमूला बोलूनही दाखवलं एकदा."

"डिलिव्हरीच्या टेबलावरच सांगून टाकलं मी नर्सला. अजून रडलीही नव्हती सुलेखा. थांबायची भीती वाटली."

मग मीनाक्षीनं सगळं सांगितलं. कार्ड, निळं पेन, वळणारी मान. टपालाचा गठ्ठाही काढून दाखवला. वसुधानं तो डायपरपासून मासिकापर्यंत एकेक करून पाहिला.

"उद्या घुगऱ्या करायच्या," ती शेवटी म्हणाली. "आणि सगळ्यात लहान झबलं काढ."

सकाळी हेमचंद्र ऑफिसला गेल्यावर तिघी निघाल्या. सुलेखाला गाडीत सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"सो आय हॅड अ सिस्टर?"

"हो."

"हाउ ओल्ड इज शी?"

मीनाक्षीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "बारा," ती म्हणाली.

दगडावर गवत चढलं होतं. मीनाक्षीनं ते नखांनी उपटून अक्षरं मोकळी केली, झबलं पसरलं. वसुधा मांडी घालून बसली, एरोग्राम मांडीवर.

"यात मी निवडलेलं नाव आहे. तेच सांगू तिच्या कानात?"

"तुमचा मान आहे, वन्सं."

"मान राहू दे. तू मनात तिला काय म्हणतेस?"

सुलेखानं हात धरला, तशी मीनाक्षीनं दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "सेल्मा," ती म्हणाली. "पण ते उसनं होतं. परत करायचं होतं. नंतर मी हॉस्पिटलात फोन केला तर त्या बाई रिटायर होऊन गेल्या होत्या. कुठे, कुणाला माहीत नव्हतं."

वसुधानं पत्र न उघडता पर्समध्ये ठेवलं. "नऊ दिवस पोर त्या हाकेला वळली. आता मी दुसरंच सांगितलं तर गोंधळेल बिचारी." ती वाकली, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि दगडाशी तोंड नेऊन पुटपुटली. मग मोठ्यानं, "कुर्रर्र!"

बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मीनाक्षीनं हळूच घातले. सुलेखाला हे नवीन होतं, तिनं जीव खाऊन घातले.

"अगं ए! आत्याला मारतेस की कार्पेट झाडतेस?"

सुलेखा हसली, वसुधा हसली. त्या हसण्यातच मीनाक्षीनं खाली वाकून पहिल्यांदा हाक मारली. "सेल्मा."

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. वारा नव्हता. झबल्याची एक बाही मात्र हळूच उलटली. तिनं ती सरळ केली नाही.

त्या संध्याकाळी नजवाची हाक आली तेव्हा मीनाक्षीनं नळ सोडला नाही. फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि उभ्या उभ्या भरलं.

शनिवारी ती आणि हेमचंद्र पोस्टात गेले. वसुधा आणि सुलेखा घरी भांडी गुंडाळत होत्या. काउंटरवरच्या माणसानं नावांवरून पेन फिरवलं.

"फोर ऑफ यू?"

हेमचंद्रनं तेव्हाच कार्ड पाहिलं. मीनाक्षी त्याच्याकडे न बघता समोरच्या तिकिटांच्या चित्राकडे बघत होती. तिला वाटलं, आता तो पेन मागेल.

त्यानं घसा साफ केला. "येस," तो म्हणाला. "फोर."

माणसानं मान वर केली, त्यांच्या मागे दाराकडे एकदा पाहिलं, आणि शिक्का मारला.